बी शिफ्टची ओवाळणी

सेक्टर 2, भिलाई
21 जुलै 2024

ती. सिंधुआत्यास उर्वीचा शि. सा. नमस्कार.

तर ते माईकचं मागच्या पत्रात अर्धंच राहिलं होतं. तुझा राहुल बाहेर उभा राहून हॉर्न वाजवून राहिला होता, ड्यूटीले लेट होते म्हणे, म्हणून मी तसंच स्टेपल मारून त्याच्या थैलीत टाकलं. आता पूर्ण सांगते.

अच्युतदादाचा स्टुडिओ म्हणजे रुआबांध्यात त्याच्या घराची मागची खोली. भिंतीले जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. रेकॉर्डिंग चालू झालं की पंखा बंद, कूलर बंद, अन् शेजारच्या काकूले हात जोडून सांगा लागते की कुकर जरा मागून लावा. तुले वाटत असेल, ड्युएट म्हणजे दोघं समोरासमोर उभे राहून गातात. तसं नसते वो आता. पोरगी सोमवारी येऊन गाऊन जाते, पोरगा गुरुवारी, अन् मग कॉम्प्युटरमध्ये दोघांचं लग्न लागते. आमचंही तसंच ठरलं होतं. पण राहुल एकटा माईकसमोर उभा राहिला अन् गाणं निघेचना. सूर बरोबर, शब्द बरोबर, पण अच्युतदादा म्हणाला की हा गाऊन नाही राहिला, हाजिरी लावून राहिला.

मग राहुलनं हळूच सांगितलं की उर्वीले इथं उभी करा, नाही तर माझ्याच्यानं होत नाही. अच्युतदादा असा चिडला! एका खोलीत दोघं गायले की हिचा आवाज त्याच्या माईकमध्ये शिरते, त्याचा हिच्या, मग पुढं काही बदलायचं असलं तर वेगळं करता येत नाही. खिचडीतून डाळ वेचत बसू का मी, म्हणे. पण तुझा पोरगा गरीब दिसते तेवढा नाही, अडून बसला. शेवटी दोन माईक लावले, आम्ही दोघं घामानं निथळत गायलो, अन् दुसऱ्याच टेकमध्ये ओके झालं.

गाण्याचं नाव 'बी शिफ्ट'. शब्द माझेच. नवरा बी शिफ्टले जाते, म्हणजे दुपारी दोनले घुसला की रात्री दहाले बाहेर, मग त्या बाईची संध्याकाळ रोजच रिकामी. माझी ओळ आहे, 'तू बी शिफ्टले जाशीन, मी सांज कोणाले दाखवू.' त्याची आहे, 'गेटवर पास दाखवतो, मन बाहेरच ठेवून जातो.' मधात एक छत्तीसगढीची लाइन आहे, ती बाबाच्या स्टील प्लांटच्या मिलमधल्या दोस्तांसाठी.

बाबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. गाणं चाललं तर ठीक, नाही तर बँकेच्या परीक्षेचा क्लास. आत्या, मले बँकेत नाही बसायचं. हे एकच गाणं आहे माझ्याजवळ, सगळं यातच टाकलं आहे.

तुले फोनवर ऐकू येत नाही अन् मेसेज तू उघडत नाही, एका अर्थानं बरंच आहे, कारण माझं मराठी फक्त तुझ्याच पत्रात जिवंत आहे. राहुलले सांगजो, स्टेपल मी मोजून मारल्या. थैली रिकामी नको पाठवू.

तुझीच,
उर्वी


उतई
28 जुलै 2024

चि. उर्वीले सिंधुआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, स्टेपला सगळ्या जागेवर होत्या. माह्या पोरावर एवढा अविश्वास नको. तो थैलीतलं पत्र वाचत नाही, थैलीतली तिखट शेव मात्र अर्धी रस्त्यातच संपवते. सोबत करमत्ता भाजी पाठवली आहे. तुह्या आईले, कमलिनीले म्हणजो, लसणाची फोडणी दे अन् झाकण नको ठेवू.

कानाचं मशीन कपाटातच आहे. लावलं की शिट्ट्या मारते. आमचे हे, तुह्ये फुफाजी, म्हणतात, दोन शिट्ट्या झाल्या, आता भात उतरव. त्या टायफाइडनं कान नेले तेव्हापासून मी लोकाईचं तोंड पाहून समजून घेतो, त्यात माह्यं काही अडत नाही. फक्त मिशावाल्याईचं समजत नाही.

तुह्यं गाणं मले ऐकू येणार नाही, पण शब्द वाचून डोळे भरून आले. तुह्या आजोबाची बी शिफ्ट असे तेव्हा आई दिवा लावून अशीच दारात बसे. हे तुले कोणी सांगितलं नाही, तरी तुनं लिहिलं.

एक गोष्ट आठवली. तू पाच वर्षांची होती. राखीच्या दिवशी राहुलले राखी बांधतो म्हणून तुनं घर डोक्यावर घेतलं. तुह्या आजीनं सांगितलं की आपल्यात आत्याच्या पोराले राखी बांधत नसतात, तो भाऊ नसते, उद्याचं कोणी पाह्यलं. तू ऐकेच ना. शेवटी तिनं ती राखी राहुलच्या सायकलीच्या हँडलले बांधायले लावली. पोट्ट्यानं वर्षभर ती सायकल कोणाले हात लावू दिली नाही.

मी काही मागून नाही राहिली. तेजरामजवळ, म्हणजे तुह्या बापाजवळ, मी कधी शब्द टाकला नाही अन् टाकणारही नाही. तू शिकलेली पोट्टी, तुह्यं तुले समजते. पण गाणं दोघाईचं आहे, अन् गाणं असं आहे. लोक विचारतीन. काय सांगाचं ते बाहेर निघायच्या आधी ठरवून ठेवा.

भाजी आजच कर, उद्या पिवळी पडते. आशीर्वाद आहेतच, ते पिवळे पडत नाहीत.

तुह्यी आत्या,
सिंधू


सेक्टर 2, भिलाई
13 ऑगस्ट 2024

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

आलं बाहेर. शनिवारी सकाळी दहाले 'बी शिफ्ट' रिलीज झालं. मी अन् राहुल अच्युतदादाच्या खोलीत फोन हातात धरून बसलो होतो, जसं काही निकाल लागून राहिला आहे. पोस्टर तुले थैलीत पाठवलं आहे, राहुलच्या त्याच जुन्या सायकलवर तो पुढं अन् मी मागच्या कॅरिअरवर. व्हिडिओसाठी वेगळं काही केलं नाही, गाद्यावाल्या खोलीतलं रेकॉर्डिंगचं शूटिंगच लावलं. अच्युतदादा म्हणाला की तेच खरं दिसते.

पहिला दिवस मी जमिनीवर नव्हती. बाबाच्या मिलमध्ये कँटीनले कोणी तरी लावलं, तर पूर्ण टेबल छत्तीसगढीच्या लाइनवर टाळ्या वाजवून राहिला होता. रायपूरच्या एका म्यूझिक कंपनीवाल्याचा अच्युतदादाले फोन आला की गाणं आमच्या चॅनलवर घेऊ, पंधरा-वीस दिवस पाहतो कसं चालते.

मग रविवारी तुमसरहून आपल्या भावकीतल्या चिंधूकाकाचा फोन आला. त्यानं बाबाले बधाई दिली. बाबाले वाटलं गाण्याची. तर चिंधूकाका विचारून राहिला होता की तारीख दिवाळीच्या आधीची धरली का नंतरची, अन् सिंधूनं मागणी केव्हा घातली, आमाले सांगितलं कावून नाही. पोस्टर त्यांच्या पूर्ण ग्रुपमध्ये फिरून राहिलं आहे, वर लिहिलं आहे 'शुभ वार्ता'. बाबांनी फोन ठेवला अन् चपला घालून बाहेर निघून गेले. आई म्हणाली की त्यांले राग माझा नाही, तुझा विचार येऊन राहिला असेल, की सिंधूले वाटेल आपणच हे पसरवलं.

हे एक झालं. दुसरं त्याच्या उलटं. माझी मैत्रीण मिताली, बाजूच्या स्ट्रीटची, ती दुसऱ्या दिवशी आली अन् हळू आवाजात विचारते की राहुल तर तेरी बुआ का लड़का है ना, फिर ये गाना? तिच्याकडं बुआचा पोरगा म्हणजे सख्खा भाऊच. तिनं वाईट मनानं नाही विचारलं, पण कमेंटवाल्यांनी वाईट मनानंच लिहिलं आहे. ते तुले नाही सांगत.

मतलब तुमसरवाल्यांले त्यात लग्न दिसते अन् सेक्टरवाल्यांले पाप. अन् मले फक्त गाणं दिसून राहिलं होतं. तू म्हटलं होतं, ठरवून ठेवा. मी नाही ठरवलं.

राहुलले विचारलं की तुले काय वाटते. तो म्हणाला, गाणं चांगलं झालं ना, मग झालं. अन् हेल्मेट घालून ड्यूटीले गेला. तुझा पोरगा आहे, तूच समज.

पण मी अशी बसून राहणार नाही. राखी येऊन राहिली आहे, तू बाबाले बांधायले येशीनच, राहुलले घेऊन ये. मले एक आयडिया आली आहे, सगळ्यांची तोंडं एकदाच बंद होतीन. आतापासून नाही सांगत. लवकर येजो, पुरीचं पीठ तुझ्याच हातानं मळायचं आहे.

तुझी टेन्शनवाली,
उर्वी


सेक्टर 2, भिलाई
22 ऑगस्ट 2024

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

हे पत्र पोस्टानं येऊन राहिलं आहे, कारण राखीपासून राहुल इकडं आलाच नाही. थैली आमच्याकडेच लटकली आहे, तुझा डब्बाही.

त्या दिवशी तू अर्धी पुरी ताटात ठेवून उठली अन् म्हणाली की मशीन शिट्ट्या मारून राहिलं, डोकं दुखते. आत्या, मशीन तुनं लावलंच नव्हतं.

मी सांगते मी काय विचार केला होता, मग तू मले बोल. मले वाटलं की एक रील टाकली, त्यात मी राहुलले राखी बांधली, की मितालीसारख्यांले समजेल आमच्यात तसं काही नाही, अन् चिंधूकाकालेही समजेल की लग्न-बिग्न नाही. एकाच धाग्यात दोन्ही बाजू बंद. मले खूप स्मार्ट वाटलं होतं. म्हणून फोन शोकेसवर टेकवला, तू बाबाले बांधून उठली, अन् मी राहुलले हात मागितला.

त्यानं आधी फोनकडं पाहिलं, मग तुझ्याकडं. मग हात दिला. मी कॅमेऱ्याकडं पाहून म्हटलं, ये मेरे राहुलभैया. जन्मात त्याले भैया म्हटलं नव्हतं. तोंडात पेढा घातला तो त्यानं कितीतरी वेळ चावलाच नाही. मी हसत हसत ओवाळणी मागितली, तर म्हणाला की आता जवळ काही नाही, मागून देतो.

तुझी सायकलवाली गोष्ट मले आठवत नव्हती असं नाही. आठवत होती. मले वाटलं, जुन्या गोष्टी आहेत, कोण मानते.

आता ऐक काय झालं. रील गाण्यापेक्षा जास्त चालली. लोक लिहून राहिले आहेत की राखी बांधून वरून 'सांज कोणाले दाखवू' गाते, भाऊ-बहीणच आहे तर हे गाणं कशाले. आधी काही लोकांले शंका होती, आता सगळ्यांले मीच पुरावा दिला. म्यूझिक कंपनीवाला म्हणाला की ऐसे में हम नहीं लेंगे. अन् चिंधूकाकानं बाबाले फोन करून सांगितलं की तुह्या पोरीले सिंधूचा पोरगा नको होता तर नको म्हणाची, चारचौघात धागा बांधून नाकारायची रीत कोणाची आहे. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी रील काढून टाकली, पण दुसऱ्यांनी टाकलेली फिरूनच राहिली आहे.

राहुल माझा फोन उचलत नाही. एकदा मेसेज आला, 'ड्यूटीवर आहे'. तेव्हा दुपार होती अन् त्याची सकाळची शिफ्ट सुटली होती.

आत्या, मले रागाव. रागावली तर मले समजेल की तू अजून माझी आत्या आहे. उत्तर लिही, पोस्टानं लिही, कसंही.

वाट पाहणारी,
उर्वी


उतई
29 ऑगस्ट 2024

चि. उर्वीले आशीर्वाद.

पोस्टमन दारात पाहून मी ताडकन उठली. या घरात पोस्टानं फक्त बिल येते नाही तर कोणाची मयत. तुह्यं अक्षर पाहून बसली.

राग नाही आला असं लिहिलं तर खोटं होईन. पण कशाचा आला ते समजून घे. तुले राहुल नको असेल, त्याचा राग नाही. पोरीनं नाही म्हटलं तर नाही, म्या तुह्या बापाले कधी शब्द मागितला नाही तो याच्याचसाठी. राखीचाही नाही. तुह्या मनात असतं तर म्या स्वतः तबक धरलं असतं. पण तू त्याच्याकडं पाहून नाही बांधली, फोनकडं पाहून बांधली. तू त्याले भैया म्हणाली. मले ऐकू नाही आलं, दिसलं. त्या वेळेस तुह्यं तोंड त्याच्याकडं नव्हतंच.

घरी येऊन राहुलले म्हटलं, गाणं दाखव. म्हणाला, मोबाइल बिघडला. मग शेजारची रेणू आहे, बारावीतली, तिच्या मोबाइलवर पाह्यलं. म्या गाणं ऐकलं नाही, पाह्यलं. बाकी लोकाईले ऐकू येते, म्हणून ते पाहत नाहीत. तू 'सांज कोणाले दाखवू' म्हणते तेव्हा राहुलचे ओठ हलतात. मले वाटलं तिथं दोघं सोबत गातात. रेणूले विचारलं, तर ती म्हणाली, नाही काकू, इथं एकट्या ताईचा आवाज आहे. म्या पुन्हा पाह्यलं. प्रत्येक वेळी तुह्या ओळीले त्याचे ओठ हलतात, अन् डोळे बंद.

मंग म्या मोबाइल रेणूले वापस दिला अन् भाजी निवडत बसली.

त्याले काही विचारलं नाही. जे दिसते ते आईनं विचारू नये. त्यानं शिफ्ट बदलून घेतली, आता रात्रपाळीले जाते. सेक्टर 2 ची सडक सोडून मोठ्या रस्त्यानं लांबून जाते. राखी हातात आहे. घामानं काळी पडली तरी काढत नाही. आपल्याकडं पोळ्याले राखी सोडून बैलाच्या शिंगाले बांधतात, तेव्हा काय करते पाहू.

तुह्या बापाले सांगजो, यंदा तीजाले मले न्यायले येऊ नको. दरवर्षी भाऊ येते, बहीण माहेरी जाते, ते या वर्षी राहू दे. त्याच्यावर राग नाही. फक्त त्या शोकेससमोर बसून माह्याच्यानं घास उतरणार नाही.

तुह्यं वय चुकायचंच आहे. पण एक नातं होतं, त्याले आम्ही मुद्दाम नाव दिलं नव्हतं, की दोघं मोठे होतीन अन् आपलं आपण ठरवतीन. तुनं त्याले नाव देऊन टाकलं, तेही लोकाईच्या सोयीचं.

डब्बा राहू दे तिकडंच. जेवत जा वेळेवर. खूप रडली असशीन तर डोळ्यावर थंड पाणी मार.

तुह्यी,
सिंधुआत्या


सेक्टर 2, भिलाई
4 सप्टेंबर 2024

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र बाबाले वाचून दाखवलं. तीजावाली ओळ आली तेव्हा मी थांबली, तर म्हणाले, वाच. वाचली. मग ते उठून स्कूटरची हवा पाहायले गेले. रात्री जेवताना आईले म्हणाले की बहीण नको म्हणते म्हणून भाऊ येत नसता तर तीजा केव्हाच बंद पडली असती. उद्या सकाळी येऊन राहिले आहेत. हे पत्र त्यांच्याच खिशात आहे. आईनं उपासाच्या आदल्या रात्रीच्या करूभाताची कारली आणून ठेवली. शोकेस मी काढली तिथून, आता तिथं तुझी खुर्ची आहे. येशीन का नाही ते तू पाह्य, पण पत्र त्याच्या आधी वाचजो.

पोळ्याच्या संध्याकाळी राहुल रुआबांध्याले गेला होता. माझ्याकडं नाही, अच्युतदादाकडं. त्यानं सांगितलं की माझा आवाज काढून टाका अन् दुसऱ्याचा लावा, मग उर्वीले कोणी काही म्हणणार नाही, ना तुमसरचे ना इकडचे. अच्युतदादानं विचारलं, कावून बे, एवढं चांगलं गायला तू. तर म्हणाला, राखीची ओवाळणी राहिली होती, हीच समजा. अन् चहा न घेता गेला. राखी होती हातात, अच्युतदादानं पाहिली. पोळा होऊन गेल्यावरही.

अच्युतदादा खूश आहे. म्यूझिक कंपनीवाल्याले त्यानं लगेच फोन केला, ते हो म्हणून राहिले आहेत. रायपूरचा एक सिंगर तयार आहे, नवीन पोस्टर, नवीन व्हिडिओ, गणपतीत रिलीज. बाबाची दिवाळीची मुदत, माझी बँक, सगळ्याचं उत्तर एका दिवसात. खरं सांगू, ऐकून पहिल्यांदा मले बरं वाटलं. मग लाज वाटली, पण आधी बरंच वाटलं होतं.

मग अच्युतदादा म्हणाला की एक प्रॉब्लेम आहे. तुले आठवते ना, दोघं एका खोलीत गायलो तेव्हा तो चिडला होता. राहुलचा माईक बंद केला तरी तो पूर्ण जात नाही, माझ्या माईकमध्ये बसला आहे. म्हणून मलेही सगळ्या ओळी नव्यानं, एकटीनं गायच्या आहेत. मी विचारलं, माझ्या ओळींत तो कशाले असेल, माझ्या ओळींत तर मीच होती. तर त्यानं माझ्या कानाले हेडफोन लावले. बाकी सगळं बंद, तबला नाही, कीबोर्ड नाही, फक्त माझा ट्रॅक.

तुझं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. मी वाचलं होतं, पण मले वाटलं होतं की आईले काहीही दिसते. आत्या, तुले जे दिसलं ते मले ऐकू आलं. माझ्या आवाजाच्या खाली तो गाऊन राहिला आहे. इतकं हळू की पूर्ण गाण्यात कोणाले समजत नाही. 'सांज कोणाले दाखवू'च्या आधी मी श्वास घेते, तो माझ्या आधी घेते. जसं मले धरून नेते. मी तिथं इतकी चांगली गायली, ते मले वाटत होतं माझं आहे.

मी हेडफोन काढले तर अच्युतदादा म्हणाला, हा कचरा साफ होत नाही म्हणून सांगून राहिलो, रविवारी येऊन गाऊन टाक.

मले राहुलशी लग्न करायचं आहे का, ते मले नाही माहीत. खरंच नाही, आत्या, हे मी तुले खूश करायले नाही लिहून राहिली अन् दुखवायलेही नाही. लहानपणापासून तो आहे, म्हणून मी कधी पाहिलंच नाही की तो आहे. एवढं माहीत आहे की रविवारी त्या गरम खोलीत मी एकटी उभी राहिली तर माझीही हाजिरीच लागेल. अन् नाही गायली तर गाणं असंच राहील, लोक असेच बोलतीन, दिवाळीनंतर मी क्लासले जाईन. तेही ठीक. पण त्याच्यात राहुलनं जे दिलं ते मी वापस केलं, असं होईल. त्याले एकदा सगळ्यांसमोर धागा बांधून दुखवलं, आता त्याचं देणं परत करून दुसऱ्यांदा दुखवू का?

आईले विचारलं तर म्हणाली, हे सिंधूले विचार, पोरगा तिचा आहे अन् रीतही तिलेच माहीत आहे. अच्युतदादाले उत्तर मी शनिवारपर्यंत देते म्हटलं आहे. बाबाच्या स्कूटरवर मागं बसून आली तर समोरासमोर सांगजो, मी तुझ्याकडं तोंड करूनच बोलीन. नाही आली तर त्यांच्याच हाती चिठ्ठी दे. थैलीत डब्बा, शेव अन् माझ्याजवळची पोस्टरची कॉपी आहे, ती मी फाडली नाही.

माझ्यावरचं प्रेम कमी झालं असेल तर जेवढं उरलं तेवढंच पाठव, मी पुरवीन.

तुझी,
उर्वी

ता. क. ओवाळणी घेतली की राखी पक्की होते, एवढी रीत मलेही समजते. पण घेतलीच नाही, अन् त्याच्याकडं नीट पाहून, फोन नाही बिन नाही, त्याच्या हातात वापस दिली, तर? तुले काय वाटते आत्या, मग बांधलेलं सुटते का?